नुसती मात्रा सांग

आमच्या पुण्याच्या कचेरीत पुरवणी विभागाला एकच फोन होता आणि तो माझ्या टेबलापासून सगळ्यांत लांब होता. सकाळी साडेदहाच्या सुमाराला तो वाजला, की जवळ असेल तो उचलायचा आणि पलीकडचं नावगाव न विचारता ओरडायचा, "कोडंवाल्या बाई, तुमचाच!" १९९१ साली मी उपसंपादक म्हणून लागले, तेव्हा ललित लेख आणि पुस्तक-परीक्षणं बघायची असं ठरलं होतं. दुसऱ्याच महिन्यात शब्दकोडं करणारे गृहस्थ निवृत्त झाले आणि त्यांची चौकटींची वही, खोडरबर आणि तो फोन असा तिहेरी वारसा माझ्याकडे आला. सत्तावीस वर्षं तो माझ्याकडेच राहिला. ललित लेख मला सगळे मिळून चार लिहायला मिळाले.

कोडं करणं मी वहीवरून शिकले. फोनवर बोलणं मात्र कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात लोणावळ्याहून एका निवृत्त रेल्वे गार्डांचा फोन आला. आडवा ९, दोन घरं: 'दिव्याची, पोटातली आणि भांडणाचीही.' मी मोठ्या उत्साहात म्हटलं, "कळ, काका!" पलीकडे शांतता. मला वाटलं लाइन गेली. मग आवाज आला, "पहाटे पाचपासून चहा गार करत बसलो होतो मी. तुम्ही शब्द नाही सांगितलात, माझी कळ काढलीत." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "आज तुम्ही काही बोलायचं नाही. मी बोलतो, तुम्ही फक्त ऐका." मग त्यांनी आपण काय काय घालून पाहिलं, कुठे काय बसलं नाही, हे ओळीने सांगितलं आणि सांगता सांगता त्यांनाच शब्द सापडला. मी हूं सुद्धा म्हटलं नव्हतं. "झालं, थँक्यू," म्हणाले. हे आभार कशाचे, हे समजायला मला पुढे बरेच दिवस लागले.

कोड्यात अडलेल्या माणसाला उत्तर हवं असतं, असं आपण धरून चालतो. तसं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशीच्या अंकाची वाट पाहिली असती. उत्तरं छापून येतातच, फुकट येतात. फोन करणाऱ्याला स्वतःचं डोकं जिथे थबकलं आहे तिथून अर्धं पाऊल पुढे जायचं असतं, आणि उरलेलं अर्धं त्याला स्वतः टाकायचं असतं. त्याला अर्धंच पाऊल कसं द्यायचं, हा माझा खरा प्रश्न होता. तो सोडवला वाईच्या एका आजींनी.

त्यांचा आवाज पातळ, पण बोलणं खणखणीत. पहिल्याच फोनला त्यांनी मला तंबी दिली. "हे बघ, अक्षर सांगू नकोस. दुसऱ्या घरात वेलांटी आहे की काना, नुसती मात्रा सांग."

मी दोन मिनिटं वहीकडे बघत राहिले. रोज कोडं करणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं. इंग्रजी कोड्यात एक अक्षर सांगितलं तर सात अक्षरांतलं एक जातं, सहा उरतात. आपल्याकडे एका घरात व्यंजन, त्याचा काना-मात्रा, डोक्यावरचा अनुस्वार, जोडाक्षर असेल तर सगळा जोड, एवढं सगळं मावतं. 'मत्स्य' दोन घरांत बसतो, 'स्वातंत्र्य' तीन घरांत. (नव्या वाचकांचे निम्मे फोन याच गोंधळाचे. "बाई, घरं कमी पडतात." "नाही पडत, र्‍य वेगळा मोजू नका.") आपल्या कोड्यातले बहुतेक शब्द दोन, तीन, फार तर चार घरांचे. तीन घरांतलं एक उघडं केलं की शब्दाचा तिसरा हिस्सा हातात ठेवला. उरतं काय? मराठी कोड्यात अक्षर सांगणं म्हणजे जवळजवळ उत्तरच सांगणं. त्यापेक्षा लहान तुकडा करायचा तर तो मात्रेचा.

आजींचं हे औषध किती अचूक होतं ते 'पाणी' या शब्दावर दिसतं. कोडं करणाऱ्याचा हा हुकमी शब्द. समानार्थी विचारला आणि घरं दोन दिली, तर जल, नीर, तोय, पय, वारी, अंबू, एवढी मंडळी रांगेत उभी राहतात. आता पहिल्या घरात वेलांटी आहे असं सांगा, नीर सोडून सगळे घरी जातात. काना म्हणालात तर वारी. काना आणि वर मात्रा, तर तोय. काहीच नाही म्हणालात तर जल आणि पय दोघं उरतात, आणि विचारणाऱ्याला करायला थोडं काम राहतं. मी पुढे मुद्दाम अशी कोडी करू लागले, ज्यात मात्रा कळली तरी दोन शब्द शिल्लक राहावेत. एकदा 'पंढरीच्या वाटेवरचं पाणी' असं विचारलं होतं. आजींनी फोन करून फक्त "बरं आहे हं," एवढंच म्हटलं. त्यांच्याकडून हे म्हणजे शालजोडीच. मारायची नव्हे, पांघरायची.

वैद्य मात्रा उगाळून देतो तशी मीही मग माणूस बघून देऊ लागले. रात्रपाळी करून आलेली एक परिचारिका असायची, तिला झोपायचं असे, तिला सरळ शब्द देऊन टाकायचे. शिक्षक असेल तर त्याला उलटा प्रश्न. "तुम्ही 'नग' शब्दाचे किती अर्थ सांगाल?" डोंगर, वस्तूंची संख्या, दागिना, असं ते सांगत सुटत आणि चौथ्या अर्थापाशी थांबून म्हणत, "अच्छा!" नवराबायको दोघं मिळून सोडवत असतील तर फार जपावं लागे, कारण फोन एकाने दुसऱ्याच्या नकळत केलेला असायचा. "हळू बोला, ती स्वयंपाकघरात आहे," असं कुजबुजणारे एक काका आठवड्यातून दोनदा मात्रा घेऊन जायचे. त्यांच्या पत्नी उरलेल्या दिवशी घ्यायच्या. दोघांनाही मी कधी सांगितलं नाही.

आता माझ्या चुकीबद्दल. मी सांगली जिल्ह्यातली. तव्यावर धिरडं ज्याने उलटतो त्याला आमच्या घरी कालथा म्हणतात. 'धिरडे उलटण्याचे साधन', तीन घरं, कालथा. मला यात काही गैर दिसलं नाही. वहीच्या कोपऱ्यात जागा होती, शब्द बसला, मी पुढे गेले. त्याला छेदणारा उभा शब्द एकच होता आणि तोही अवघड.

त्या दिवशी फोन दुपारपर्यंत थांबला नाही. पुण्याच्या बायका म्हणत होत्या, अहो, ते उलथने, एक घर कमी छापलंय तुम्ही. रत्नागिरीहून एका गृहस्थांनी समजावून सांगितलं, की त्याला कविलथा म्हणतात, घरं चार. या दोघांचं एक बरं होतं, त्यांचा शब्द चौकटीत मावतच नव्हता, म्हणून त्यांनी विचारलं तरी. नागपूरचे वाचक विचारत नव्हते, सांगत होते. त्यांनी 'सराटा' लिहिला होता. तीन घरं, नेमका बसलेला. तेही उलथनेच. त्यांचं कोडं त्यांच्या लेखी पूर्ण झालेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही उत्तर 'कालथा' छापलं. "म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातलं तेवढं मराठी, आमच्या स्वयंपाकघरातलं नाही?" एका बाईंनी विचारलं. माझ्यापाशी उत्तर नव्हतं. नव्हतंच.

त्या गदारोळात गिरगावातल्या एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला, तो मी विसरले नाही. ते तक्रार करत नव्हते. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे उत्तर लिफाफ्यात आधी बंद करून ठेवतात का हो?" मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी बक्षिसांच्या कोड्यांची कथा सांगितली. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत त्यांचा सुळसुळाट होता. प्रवेशशुल्क भरायचं, कोडं पाठवायचं, जुळलं तर हजारोंचं बक्षीस. गोम अशी, की प्रत्येक घरात दोन दोन शब्द चपखल बसायचे. 'मोठ्या घरी याला तोटा नसतो', तर मान की धान? दोन्ही बरोबर. पण आयोजकाच्या बंद लिफाफ्यात असेल तेच 'खरं'. त्यांच्या वडिलांनी मान लिहिला होता. लिफाफ्यात धान होतं. तेव्हा घरातली सायकल गेली, असं ते म्हणाले, आणि हसले.

मी नंतर हे खणून काढलं. १९४८ मध्ये मुंबई सरकारने असल्या स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. १९५५ मध्ये केंद्राचा कायदा आला, त्यात महिन्याचं एकूण बक्षीस हजार रुपयांच्या वर नेता येणार नाही आणि प्रवेशिका दोन हजारांवर घेता येणार नाहीत, असं बंधन घातलं. स्पर्धावाले चमारबागवाला सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५७ मध्ये हरले. न्यायालयाने म्हटलं ते थोडक्यात असं, की जिथे निकाल बुद्धीवर नसून नशिबावर आहे, तो जुगार, त्याला व्यापाराचं संरक्षण मागता येणार नाही. निकालाची माहिती वाचताना मला माझा कालथा दिसत होता. मी पैसे घेतले नव्हते एवढंच. बाकी लिफाफा तोच.

तेव्हापासून मी वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहून ठेवल्या. भांडी, शेती, नाती आणि भाज्या यांचे शब्द घेताना मुलूख लिहायचा: 'विदर्भातील कोथिंबीर' असं विचारलं की सांबार लिहिणाऱ्यालाही न्याय आणि न लिहिणाऱ्यालाही. आणि अशा शब्दाला छेद देणारे किमान दोन शब्द सोपे ठेवायचे. फोनवर मी देत होते ती मदत फारच थोड्यांना मिळायची. ज्यांच्याकडे फोन नाही, किंवा असून भीड पडते, त्यांना मदत करणारा शब्द म्हणजे आडव्याला छेदणारा उभा. तो मी नीट बसवला नाही तर फोनवर कितीही गोड बोलून काय उपयोग?

मदत मलाही लागायची, आणि ती मी कुठूनही घेत असे. कॅन्टीनमधला दापोलीचा मुलगा मला भातशेतीचे शब्द पुरवायचा. पेस्टिंग करणारे आमचे आर्टिस्ट, ब्रोमाइडच्या पट्ट्या ब्लेडने कापता कापता, "बाई, 'पाणंद' टाका की," असं सुचवायचे. टेबलावर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश होता, सात खंड आणि पुरवणी. मोल्सवर्थचा १८५७चा कोश मात्र संपादकांच्या खोलीत कुलपात, तो बघायचा तर आधी त्यांचा मूड बघावा लागे. असं उसनं घेण्यात कमीपणा नाही, हे मला लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'च्या लेनर्ड डॉ यांची हकिकत वाचल्यावर पटलं. १९४४ च्या मे महिन्यात त्यांच्या कोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी असे शब्द एकामागून एक आले. ही सगळी नॉर्मंडीवरच्या स्वारीची गुप्त नावं. गुप्तचर खात्याची माणसं चौकशीला दारात! डॉ शाळेचे मुख्याध्यापक होते. पुढे १९८४ मध्ये त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं, की सर आम्हाला रिकाम्या चौकटी भरायला द्यायचे आणि शेजारी तळ देऊन असलेल्या सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द आम्ही त्यांत घालायचो. आमच्या कॅन्टीनच्या मुलाने सुदैवाने 'खळं' आणि 'मळणी'पलीकडे काही फोडलं नाही.

एका बाबतीत मात्र कुणाचीच मदत पुरायची नाही. ऱ्हस्व-दीर्घ. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चार भरले. त्यानुसार रवि, कवि, गुरु हे शब्द मराठीत लिहिताना रवी, कवी, गुरू. पण समासात पहिलं पद म्हणून आले की रविवार, कविराज, गुरुदक्षिणा. बोलताना याने कुणाचं काही अडत नाही. कोड्यात अडतं, कारण एकच घर दोन शब्दांच्या मालकीचं असतं. एकदा घाईत मी आडव्या 'विहीर'च्या पहिल्या घरात उभा 'रवि' उतरवला. आमचे मुद्रितशोधक रजेवर होते. सकाळी पहिला फोन एका मुख्याध्यापकांचा, "तुमच्या वर्तमानपत्राने व्याकरण सोडलं का?" दुसरा वाईच्या आजींचा. "आज किती दिवसांनी कुणीतरी रवि नीट लिहिला बघ." दोघांनाही मी हो म्हटलं.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र माझा नव्हता, किंवा होता म्हणा, सहीला मीच होते. पानं संगणकावर लागायला लागल्यानंतरची गोष्ट. एका गुरुवारी त्या दिवशीच्या प्रश्नांखाली शुक्रवारची चौकट छापली गेली. अकराच्या आत सत्तरच्या वर फोन. दिवसभर माफी मागून माझा घसा बसला. संध्याकाळी एक सद्‌गृहस्थ कचेरीत हजर झाले, हातात अंक. "सुटलं," म्हणाले, "पण फार किचकट होतं हो आज." मी अंक हातात घेतला. त्यांनी तीन काळी घरं व्हाइटनर लावून पांढरी केली होती, दोन पांढरी घरं पेनाने काळी केली होती आणि शब्द बसवले होते. सगळे नाही, पण बरेच. चूक आमची होती हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. त्यांना चहा पाजला.

पुढे फोन कमी होत गेले. आधी मोबाइल आले, मग लोक चौकटीचा फोटो काढून एकमेकांना पाठवायला लागले, मग प्रश्नच शोधयंत्रात टाकायला लागले. याबद्दल गळा काढणाऱ्यांतली मी नाही. मदत शोधायची हौस कोड्याच्या जन्माइतकीच जुनी आहे. आर्थर विनने पहिलं कोडं १९१३ च्या २१ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या एका दैनिकात छापलं आणि पुढच्या दहाबारा वर्षांत अमेरिकेत हे वेड एवढं बोकाळलं, की एका रेल्वे कंपनीने प्रवाशांसाठी गाड्यांत शब्दकोश ठेवले. शब्दकोश चालतो आणि मोबाइल चालत नाही, असं म्हणण्यात अर्थ नाही. माझी तक्रार एवढीच, की त्याला अर्धवट सांगता येत नाही असं नाही, पण अर्धवट विचारायचं कुणाला सुचत नाही. विचारलं की शब्द, अर्थ, व्युत्पत्ती, सगळं एका दमात समोर. लोणावळ्याच्या काकांचा चहा गार व्हायच्या आत.

वाईच्या आजींचे फोन २००६ च्या पावसाळ्यात थांबले. मी चौकशी केली नाही. माझ्याकडे त्यांचा नंबर नव्हता, नाव तर कधी विचारलंच नव्हतं.

२०१८ मध्ये मी निवृत्त झाले. वही माझ्यानंतर आलेल्या मुलीकडे आहे. हुशार आहे, चौकट संगणकावर करते, पहिल्या पानावरच्या दोन ओळी तिने वाचल्या आहेत असं ती म्हणते. मी आता सकाळी तिचं कोडं सोडवते आणि कुठे अडले तर तिला फोन करत नाही. एकदा केला होता. तिने झटकन शब्द सांगून टाकला. मला लोणावळ्याचे काका आठवले, पण मी थँक्यू म्हणून फोन ठेवला.

आजच्या कोड्यात आडवा १४ रिकामा आहे. 'बैलगाडीच्या चाकाचा भाग', दोन घरं. आरा म्हणावं, धाव म्हणावं, आख म्हणावं की तुंबा, चारही बसतात, आणि दोन्ही घरांतून खाली जाणारे उभे शब्द मला येत नाहीत. वहीतल्या पहिल्या पानाबद्दल तिच्याशी एकदा बोलायला हवं, ते मी बोलेनच. तोवर कुणाला आलं असेल तर कृपा करून शब्द सांगू नका. दुसऱ्या घरात काना आहे की नाही, तेवढं कळवा.